शंभरातले हापिसात किती?

सभासद बंधूंनो, आपल्यापैकी बरेच जण गावच्या शिक्षण संस्थेवर, वसतिगृहावर नाहीतर एखाद्या सेवाभावी ट्रस्टवर विश्वस्त आहेत. अहवाल वाचून झाला की सभेत एक सवाल हमखास उठतो : "शंभर रुपयांतले हापिसात किती गेले?" सवाल रास्त आहे. पण नुसता टक्का पाहून संस्था चोख की चोर हे ठरवू नये असे आमचे मत आहे. टक्का कशावर काढला, हे आधी विचारावे.

ऊसवाल्याला हे कळायला अवघड नाही. बेणे, खत, लागणीची मजुरी हा त्या फडाचा थेट खर्च. विहिरीवरच्या मोटारीचे बिल मात्र उसाचेही आणि कांद्याचेही. सगळे बिल उसावर टाकले तर कांदा फुकटात भिजला असे वहीत दिसेल. म्हणून आपण पाण्याच्या पाळ्या मोजून वाटणी करतो. संस्थेत कारकुनाचा पगार, जागेचे भाडे, टपाल, हिशेब तपासणीची फी हा असाच सामाईक खर्च. त्यालाच प्रशासकीय खर्च म्हणायचे.

समजा, एका ट्रस्टचे वसतिगृह १२ लाखांचे, दवाखाना ६ लाखांचा आणि माती परीक्षणाचे अनुदानाचे काम २ लाखांचे. थेट खर्च झाला २० लाख. हापिसाचा खर्च २ लाख ४० हजार, म्हणजे थेट खर्चाच्या १२ टक्के. माती परीक्षणाच्या वाट्याला त्यातले २४ हजार येतात. अनुदान देणारा म्हणाला, प्रशासनाला ५ टक्केच देऊ, तर मिळतात १० हजार. उरलेले १४ हजार काही माफ होत नाहीत. ते वसतिगृहातल्या पोरांच्या ताटातून निघतात, नाहीतर तुम्ही दिलेल्या वर्गणीतून. अनुदान घेण्याआधी हे १४ हजार कोण भरणार, ते सभेत बोलून घ्या. "मिळतंय ते घ्या की," म्हणणारे नंतर खिशात हात घालत नाहीत.

वाटणीतही तारतम्य हवे. परीक्षणाचे ५ लाखांचे यंत्र घेतले म्हणून कारकुनाचे काम काही तिप्पट होत नाही. अशी मोठी खरेदी टक्का काढताना वगळावी. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या अनुदानांतही मोठी यंत्रसामग्री वगळूनच टक्का धरतात. ज्या संस्थेचा दर सरकारशी ठरलेला नाही तिला तिथे पूर्वी १० टक्के मिळत, ऑक्टोबर २०२४ पासून १५ पर्यंत घेता येतात.

आपल्याकडचे नियमही ध्यानात ठेवा. परदेशी देणगीतून प्रशासनावर पूर्वी ५० टक्क्यांपर्यंत खर्च चाले. २०२० च्या दुरुस्तीने ती मर्यादा २० टक्के झाली. मात्र दवाखान्यातल्या डॉक्टरचा किंवा शाळेतल्या मास्तरांचा पगार त्यात धरत नाहीत, कारण तेच तर संस्थेचे काम. कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या पैशाला ५ टक्क्यांची मर्यादा आहे खरी, पण ती कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला. "कायद्याने तुम्हाला पाचच टक्के," असे कोणी सांगितले तर नियम दाखवा म्हणावे.

आता उलटी बाजू. कारकुनाचा अर्धा पगार माती परीक्षणात थेट दाखवायचा आणि तोच पगार पुन्हा सामाईकात धरून टक्का लावायचा, हे चालणार नाही. एकच मोळी दोनदा काट्यावर चढवण्यासारखे आहे ते. तपासणीत सापडले की अनुदान परत मागतात, आणि तोवर पैसे खर्च झालेले असतात.

तेव्हा कारकुनाने कोणत्या कामाला किती तास दिले, ते रोजच्या रोज वहीत लिहावे. भाडे खोल्यांच्या मापाने वाटावे. वाटणीची रीत वर्षाच्या सुरुवातीलाच ठराव करून प्रोसिडिंगला घ्यावी, कारण मार्चअखेर बसून भरलेली तासांची वही तपासनीस शाईवरूनच ओळखतो.