पाच वाजले की गोड हवंच!

प्रश्न : साखर कमी केली आहे, पण संध्याकाळी गोड खाल्ल्याशिवाय राहवत नाही. गूळ चालेल का?

उत्तर : शरीराच्या लेखी गूळही साखरच. जागतिक आरोग्य संघटना साखर दिवसाला सुमारे २५ ग्रॅम, म्हणजे सहा चमच्यांच्या आत ठेवायला सुचवते. चहा-बिस्किटांतच त्यातली बरीच संपते. तुमची पाचची ओढ बहुधा दुपारच्या अर्धपोटी जेवणातून येते. ‘डाएट’ म्हणून नुसती काकडी-टोमॅटो खाल्लीत, तर दुसरं काय होणार? जेवणात वाटीभर उसळ किंवा घट्ट वरण, सोबत दही घ्या. साडेचारलाच मूठभर फुटाणे खा. बर्फीचा डबा घरात ठेवून मनोनिग्रहाची परीक्षा कशाला? सणाची पुरणपोळी मात्र चवीनं खा. मधुमेहाची औषधं चालू असताना घाम, थरथर जाणवली, तर पथ्य बाजूला ठेवून लगेच साखर घ्या आणि डॉक्टरांना कळवा.