टक्का घटला, धूर वाढला!

'आमच्या कारखान्याने कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन २० टक्क्यांनी घटविले', असे वाक्य एखाद्या सिमेंट कंपनीच्या अहवालात आढळले, तर हवेत जाणारा वायू खरोखरच कमी झाला असे समजावे काय?

प्रथम सिमेंटचा आणि या वायूचा संबंध पाहू. सिमेंट तयार करताना चुनखडी भट्टीत भाजतात. १०० ग्रॅम शुद्ध चुनखडीपासून ५६ ग्रॅम चुना मिळतो व ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. भट्टीत जाळलेल्या कोळशाचा वायू निराळाच! औष्णिक वीजकेंद्रातील राख सिमेंटमध्ये मिसळली, तर चुनखडी कमी लागते आणि दर टनामागचे उत्सर्जन घटते.

आता एका काल्पनिक कारखान्याचा हिशेब मांडू.

पहिले वर्ष : उत्पादन १० लाख टन, दर टनामागे वायू ८०० किलोग्रॅम, एकूण ८ लाख टन.

पाचवे वर्ष : उत्पादन १५ लाख टन, दर टनामागे ६४० किलोग्रॅम, एकूण ९.६ लाख टन.

दर टनामागचे उत्सर्जन २० टक्क्यांनी घटले. एकूण उत्सर्जन मात्र २० टक्क्यांनी वाढले. दोन्ही विधाने खरी आहेत. कारखान्याचे कौशल्य पहिल्या आकड्यावरून कळते. पृथ्वीचे तापमान मात्र दुसऱ्यावर अवलंबून असते.

भारतात बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून सेबीच्या नियमानुसार असा अहवाल द्यावा लागतो. त्यात एकूण उत्सर्जन आणि उलाढालीच्या दर रुपयामागचे उत्सर्जन, असे दोन्ही आकडे विचारलेले असतात. यातही एक मेख आहे. सिमेंटचा भाव वाढला, की उलाढाल वाढते आणि धूर तेवढाच राहूनही 'दर रुपयामागचा' आकडा खाली येतो!

म्हणून अहवाल वाचताना तीन प्रश्न विचारावेत. तुलना कोणत्या वर्षाशी केली आहे? आकडा एकूण आहे की दर टनामागचा अथवा दर रुपयामागचा? आणि हिशेबात काय काय धरले आहे? भट्टीत भाजलेला माल, म्हणजे क्लिंकर, दुसऱ्या कारखान्याकडून विकत घेतला, तर त्या भट्टीचा वायू खरेदीदाराच्या स्वतःच्या उत्सर्जनात मोजला जात नाही.

जाता जाता एक गणित : वरील कारखान्याला पाचव्या वर्षी एकूण उत्सर्जन ८ लाख टनच ठेवायचे असते, तर दर टनामागे किती वायू चालला असता? (उत्तर : सुमारे ५३३ किलोग्रॅम.)