आठपट घाईचं घड्याळ

गावी हौसेनं उबवणी यंत्र केलं. थर्माकोलचा खोका, दोन बल्ब, एक पंखा, अंडी कलती करणारा मोटरचा ट्रे आणि सगळ्यावर राखणीला आर्डुइनो उनो. ३६ गावठी अंडी मांडली. तापमान ३७.५ अंश, दर दोन तासांनी ट्रे कलायचा आणि १८ दिवस झाले की थांबायचा. शेवटचे तीन दिवस पिल्लू बाहेर पडायच्या तयारीत असतं, तेव्हा अंडी हलवत नाहीत.

पंखा मात्र रात्रभर कुईकुई करायचा. त्याचा वेग मी सहा नंबरच्या पिनवरून पीडब्ल्यूएमनं कमी केला होता. तिथले ठोके सेकंदाला ९७६, म्हणजे कानाला नेमके बोचणारे. टायमर झिरोचा प्रीस्केलर ६४ चा ८ केला की आवाज निवळतो, असं कुठंतरी वाचलं होतं. एका ओळीचं काम. केलं, आवाज बारीक झाला, मी पुण्याला परतलो.

दुसऱ्या दिवशी आईचा फोन. "अरे, तुझा पाळणा घडीघडीला हलतोय."

"आई, प्रोग्रॅममध्ये दोन तास लिहिलेत."

तिसऱ्या दिवशी तीच म्हणाली, आता अगदी गप आहे. मला बरंच वाटलं!

चूक अशी होती. उनोवरच्या ॲटमेगा ३२८पी चिपमध्ये तीन टायमर असतात. प्रोग्रॅम काहीही करत असो, ते आपले मोजत राहतात. टायमर झिरो ० ते २५५ मोजतो. १६ मेगाहर्ट्झचे ठोके ६४ नं भागले, की तो दर १.०२४ मिलिसेकंदांनी एकदा भरतो आणि 'मिलिस' हे फंक्शन त्या भरण्यांवरूनच वेळ सांगतं. मी भाजक ८ केला. टायमर आठपट वेगानं भरू लागला, मिलिसचा हिशेब मात्र जुनाच राहिला. दोन तासांची पंधरा मिनिटं झाली आणि १८ दिवस सव्वादोन दिवसांत संपले. हालचाल थांबली की आतला जीव कवचाच्या अस्तराला चिकटतो. ३६ पैकी पाच पिल्लं निघाली.

म्हणून सांगतो, वायर जोडण्याआधी कागदावर टायमर वाटून घ्या. झिरोला हात लावू नका. सर्व्हो लायब्ररी टायमर वन घेते, मग ९ आणि १० नंबरच्या पिनांवर पीडब्ल्यूएम मिळत नाही. 'टोन' टायमर टू घेतं, त्यानं ३ आणि ११ बिघडतात. माझ्याकडे सर्व्हो नव्हता, टायमर वन मोकळा पडला होता. तो १६ बिटांचा आहे. फास्ट पीडब्ल्यूएममध्ये भाजक १ आणि कमाल मोजणी ६३९ ठेवली की नेमके २५ किलोहर्ट्झ मिळतात. माणसाला ते ऐकू येत नाहीत. पंखा आता ९ नंबरवर आहे.

दिवस मोजायला मात्र कुठलाच टायमर वापरू नका. वीज गेली की मिलिस शून्यावर, आणि आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही. डीएस३२३१ या घड्याळ-चिपला नाण्याएवढा सेल असतो, ती वेळ धरून ठेवते. अंडी मांडल्याची तारीख ईईप्रॉममध्ये लिहून ठेवायची आणि दिवस तिथून मोजायचे.

अंडी मांडण्याआधी यंत्र एक दिवस रिकामं चालवून बघा. आई ट्रे कलला की कॅलेंडरवर रेघ मारते. रात्रीच्या रेघा मी मारतो. दिवस-रात्र मिळून बारा भरायला हव्यात.