शाळा आणि शास्त्रज्ञ : लोखंडाच्या किसाचा एक पाठ

छत्तीसगडमधील भिलाई हे नगर पोलादावर उभे राहिले. १९५५ साली भारत व सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. दल्ली-राजहरा येथील खाणींतून येणाऱ्या हेमॅटाइट या खनिजात लोखंड प्राणवायूशी संयुक्त झालेले असते. झोतभट्टीत कोकपासून तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड वायू तो प्राणवायू काढून घेतो आणि लोखंड मोकळे होते. ज्या नगरात हे रसायनशास्त्र अहोरात्र चालू असते, तेथे अभियंते, रसायनज्ञ व कुशल कारागीर यांची वाण नाही. २०१६ साली सुरू झालेल्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेमुळे त्यांत संशोधकांचीही भर पडली. तथापि शास्त्रज्ञ गावात असला म्हणजे शास्त्र शाळेत पोहोचतेच, असे मात्र नव्हे.

शास्त्रज्ञाची व शाळेची गाठ पुष्कळदा २८ फेब्रुवारीस, म्हणजे राष्ट्रीय विज्ञान दिनी पडते. पाहुणे येतात, व्याख्यान होते, पुष्पगुच्छ दिला जातो आणि मुले टाळ्या वाजवून घरी जातात. दुसऱ्या दिवशी वर्गात उभ्या राहणाऱ्या शिक्षकास त्याचा उपयोग फारसा होत नाही. मग स्वेच्छेने वेळ देऊ इच्छिणाऱ्या शास्त्रज्ञाने शाळेसाठी नेमके काय करावे?

या प्रश्नाचे एक उत्तर होशंगाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या नर्मदापुरम् जिल्ह्यात, शोधले गेले. छत्तीसगड तेव्हा मध्य प्रदेशातच होते. १९७२ साली किशोर भारती व रसुलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी १६ माध्यमिक शाळांतून प्रयोगांद्वारे विज्ञान शिकविण्यास प्रारंभ केला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील आणि दिल्ली विद्यापीठातील शास्त्रज्ञ आपला वेळ देऊन तेथे जात. ते व्याख्याने देत नसत. शिक्षकांबरोबर बसून स्वतः प्रयोग करीत, मासिक बैठकांत त्यांच्या अडचणी ऐकत आणि शाळांत जाऊन वर्ग पाहत. १९७८ साली हा कार्यक्रम संपूर्ण जिल्ह्यात पसरला, १९८२ साली त्यासाठी एकलव्य ही संस्था स्थापन झाली आणि २००२ साली राज्य शासनाने तो बंद केला. तीस वर्षांच्या त्या अनुभवातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे : प्रयोग फसतो तेव्हा शास्त्रज्ञाची शाळेला खरी गरज असते. पुढील प्रयोगावरून हे स्पष्ट होईल.

प्रयोग

सुमारे १५ सेंटीमीटर लांबीची परीक्षानळी आतून ओली करावी. तीत कारखान्यातून आणलेला लोखंडाचा बारीक कीस टाकून नळी फिरवावी, म्हणजे तो आतील बाजूस चिकटतो. ही नळी पाणी भरलेल्या वाडग्यात उपडी उभी करावी. शेजारी तशीच दुसरी नळी कीस न घालता ठेवावी. दोहोंतील पाण्याच्या पातळीवर खूण करून तीन-चार दिवस थांबावे.

कीस तांबूस होतो आणि पहिल्या नळीत पाणी वर चढते. गंजताना लोखंडाने हवेतील प्राणवायू घेतला व त्याची जागा पाण्याने भरली. हवेच्या आकारमानापैकी सुमारे २१ टक्के प्राणवायू असल्यामुळे पाणी साधारण एक-पंचमांश नळी, म्हणजे ३ सेंटीमीटर चढावे. दुसऱ्या नळीत ते जवळजवळ चढत नाही.

पुस्तकात हे उत्तर मिळते. वर्गात ते सहसा इतके नेमके मिळत नाही. समजा, एका गटाच्या नळीत पाणी ३ सेंटीमीटर चढले, दुसऱ्याच्या २ आणि तिसऱ्याच्या नळीत मुळीच चढले नाही. एकटा शिक्षक अशा वेळी अवघडतो आणि “तुमचे चुकले, ३ लिहा” असे सांगून मोकळा होतो. त्या क्षणी मुले शिकतात ती एवढेच, की डोळ्यांपेक्षा पुस्तकावर विश्वास ठेवावा.

मापे सारखी न येणे हा शास्त्रज्ञाच्या मात्र रोजच्या कामाचा भाग असतो. तो विचारील : तिसऱ्या गटाचा कीस कोठून आणला? यंत्रावर धातू कापताना तेल वापरले जाते. किसावर तेलाचा पातळ थर राहिला असेल, तर पाणी व हवा लोखंडापर्यंत पोहोचत नाहीत. धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने कीस धुऊन प्रयोग पुन्हा करावा. दुसऱ्या गटाने माप केव्हा घेतले? सकाळी खूण केली व पुढे भर दुपारी पाहिले असेल, तर १० अंश सेल्सिअसच्या फरकाने नळीतील हवा फुगून पातळी सुमारे अर्धा सेंटीमीटर खाली जाते. उरलेला फरक कशाचा? कदाचित कीस कमी पडला असेल, कदाचित आणखी दोन दिवस थांबावयास हवे असेल. हे पडताळून पाहणे मुलांच्याच हाती आहे, आणि पाहुण्याने उत्तर सांगून त्यांचे काम हिरावून घेऊ नये.

भिलाईच्या मुलांस यापुढे आणखी एक प्रश्न विचारता येतो. झोतभट्टीत मोठ्या खर्चाने जो प्राणवायू लोखंडापासून वेगळा केला, तोच हवेतून लोखंडाकडे परत येत नाही काय? नळीतील गंज आणि खाणीतील हेमॅटाइट ही दोन्ही लोखंडाची ऑक्साइडे होत. गंजात पाण्याचाही अंश असतो, एवढाच भेद.

व्यवस्था

२०१७ साली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने केंद्रीय विद्यालय संघटनेच्या सहकार्याने ‘जिज्ञासा’ हा कार्यक्रम सुरू करून प्रयोगशाळा व शाळा यांची सांगड घातली. जेथे अशी योजना नसेल, तेथे मुख्याध्यापकांनी परिसरातील एखाद्या अभियंत्यास वा प्राध्यापकास पत्र लिहून प्रारंभ करावा. वर्षातून एक व्याख्यान मागण्याऐवजी महिन्यातून एक तास मागावा. प्रयोग अगोदर शिक्षकाने पाहुण्याबरोबर करून पाहावा; वर्गात पुढाकार शिक्षकाचा असावा आणि पाहुण्याने मुलांच्या गटांतून फिरावे. प्रत्येक गटाची मापे, जुळोत वा न जुळोत, फळ्यावर तशीच लिहावीत. पुढील भेटीचा पाठ पुष्कळदा न जुळणाऱ्या मापांतूनच निघेल.