रात्री घराबाहेर पडणारी मुले आणि त्यांचे आईबाप

घरातील सर्व माणसे निजली आहेत अशी खात्री करून घेऊन, चपला हातात धरून आणि दाराची कडी हळूच काढून १५-१६ वर्षांचा मुलगा बाहेर पडतो. ही गोष्ट आईबापांच्या कानी येते तेव्हा ती बहुधा पहिली खेप नसते. म्हणूनच त्यांस दुहेरी धक्का बसतो. मुलगा गेला याचे दुःख असतेच, पण आपण इतके दिवस फसविले गेलो याची चीड त्याहून मोठी असते. आणि त्या रात्री जे बोलले जाते ते पुष्कळदा ही चीडच बोलत असते. विचार मात्र मुलाचा व्हावयास हवा.

प्रथम शरीराचा विचार करू. वयात येणाऱ्या मुलांस रात्री लवकर झोप येत नाही, हा केवळ आळसाचा किंवा भ्रमणध्वनीचा प्रताप नव्हे. झोपेची चाहूल देणारे मेलाटोनिन नावाचे द्रव्य या वयात लहानपणापेक्षा उशिरा स्रवू लागते, हे अमेरिकेतील मेरी कार्सकाडन प्रभृती संशोधकांनी दाखवून दिले आहे. दहा वाजता दिवे मालवून निजण्याची आज्ञा झाली तरी मुलाचे डोळे टक्क उघडेच राहतात. १३ ते १८ वर्षांच्या मुलांस ८ ते १० तास झोप हवी, आणि सकाळची शाळा तर चुकत नाही. तेव्हा रात्र भटकण्यात गेली की तिची भरपाई वर्गातील शेवटच्या बाकावर होते, हे आम्हां शिक्षकांइतके कोणास ठाऊक असणार!

दुसरी गोष्ट सोबतीची. मार्गो गार्डनर व लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. १३ ते १६ वर्षांची मुले, तरुण आणि प्रौढ माणसे अशा तीन गटांस त्यांनी मोटार हाकण्याचा एक खेळ संगणकावर खेळावयास दिला. काहींस एकट्याने, काहींस मित्रांदेखत. मित्र जवळ असताना मुलांनी पत्करलेला धोका पुष्कळच वाढला. प्रौढांवर मात्र सोबतीचा असा परिणाम दिसला नाही. "आमचा मुलगा तसा समजूतदार आहे हो," असे जे आईबाप सांगतात ते खोटे बोलत नसतात. त्यांच्यासमोर एकटा असलेला मुलगा समजूतदारच असतो. मध्यरात्री एका दुचाकीवर तिघे बसले म्हणजे त्यांतील प्रत्येक जण निराळा होतो.

दुचाकीचा विषय निघाला आहे तर तो येथेच पुरा करतो. १९ मे २०२४ रोजी पहाटे पुण्यातील कल्याणीनगर येथे एका मोटारीच्या धडकेने दोन तरुण अभियंत्यांचा अंत झाला. मोटार १७ वर्षांचा मुलगा चालवीत होता, असे पोलिसांनी सांगितले. महाराष्ट्र त्या घटनेने हळहळला. तथापि अद्याप किती घरांत गाडीची किल्ली दाराजवळच्या खिळ्यावर लोंबकळत असते, ते वाचकांनी आपल्याच घरी पाहावे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातलेल्या कलम १९९-अ अन्वये अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक अथवा मालक दोषी धरला जातो. ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, शिवाय वाहनाची नोंदणी १२ महिने रद्द. मुलास वयाच्या २५ वर्षांपर्यंत परवाना मिळत नाही. पालकाची संमती होती असे कायदा गृहीत धरतो. नव्हती, हे पालकाने सिद्ध करावयाचे असते. किल्ली उशाखाली ठेवणे हा मुलावरील अविश्वास नव्हे.

आता त्या रात्रीविषयी. मुलगा परत येतो तेव्हा दोन-अडीच वाजलेले असतात. त्या वेळी करण्याचे काम थोडे आहे: दार उघडावे, दिवा लावून त्यास कोठे लागले आहे काय, तो शुद्धीत आहे काय हे पाहावे, पाणी द्यावे आणि "उद्या बोलू" एवढेच सांगून निजावयास पाठवावे. जाबजबाब रात्री घेऊ नयेत. माझ्या पाहण्यातील एका गृहस्थांनी दाराला आतून कुलूप घातले आणि "जेथून आलास तेथे जा" असे मुलास सुनावले. मुलगा खरोखरच गेला. एस.टी. स्थानकाच्या बाकावर त्याने ती रात्र काढली, आणि तेथे त्याची ज्या मंडळींशी ओळख झाली ती त्याच्या पूर्वीच्या सोबत्यांहून फार वाईट होती. पुढे दोन वर्षे ते गृहस्थ त्या ओळखीचे परिणाम निस्तरीत होते. पहिल्या रात्री मुलगा नुसता बारव्याच्या कठड्यावर बसून मित्रांबरोबर गप्पा मारीत होता, हे त्यांस फार उशिरा समजले. कोठे होतास, हा प्रश्न त्यांनी विचारलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी मात्र हा प्रश्न विचारलाच पाहिजे. आईने व वडिलांनी मिळून, शेजारीपाजारी व पाहुणे यांच्यादेखत नव्हे, आणि पोट भरल्यावर. कोठे, कोणाबरोबर, आणि दिवसा विचारून का गेला नाहीस? यांतील तिसरा प्रश्न सर्वांत मोलाचा. उत्तरे निरनिराळी येतात. कोणास नुसती मौज हवी असते. कोणी म्हणतो, विचारले असते तर नाहीच म्हणाला असता. आणि एखादा काहीच बोलत नाही, कारण घरात रोज रात्री चालणारे भांडण त्यास ऐकवत नाही, हे तो आईबापांच्या तोंडावर कसे सांगणार?

येथे एक स्वीडिश संशोधन लक्षात घेण्याजोगे आहे. होकान स्टॅटिन आणि मार्गारेट कर यांनी २००० साली १४ वर्षांच्या मुलांविषयी लिहिले की, आईबापांस मुलांची जी माहिती असते ती पाळतीने वा उलटतपासणीने मिळालेली नसून बहुतांशी मुलांनी आपण होऊन सांगितलेली असते. तेव्हा धाकट्या बहिणीस हेर नेमून, वही-दप्तर धुंडाळून फारसे हाती लागत नाही. हाती लागते ते बहीणभावांतील वैर.

महात्मा गांधींच्या आत्मकथेतील प्रसंग या संबंधात आठवतो. पंधराव्या वर्षी त्यांनी भावाचे सुमारे २५ रुपयांचे कर्ज फेडण्यासाठी त्याच्याच कड्यातील सोन्याचा तुकडा चोरला. मग मन खाऊ लागले म्हणून सर्व हकीकत कागदावर लिहून, शिक्षा मागून, तो कागद आजारी वडिलांच्या हाती दिला. करमचंद गांधी उठून बसले, त्यांनी तो वाचला, त्यांच्या डोळ्यांतून अश्रू वाहिले, आणि काही न बोलता त्यांनी कागद फाडून टाकला. या प्रसंगावरून पुष्कळ लोक असा अर्थ काढतात की शिक्षा कधीच करू नये. मला तसे वाटत नाही. तो मुलगा आपल्या पायांनी आला होता. आपली मुले बहुधा सापडलेली असतात. सापडलेल्यास शिक्षा असावी, परंतु ती अपराधाला लागून असावी आणि तिला शेवट असावा. पंधरा दिवस दिवेलागणीनंतर बाहेर जाणे बंद, ही शिक्षा झाली. अन्न बंद, बोलणे बंद, शाळा बंद, ही शिक्षा नव्हे, सूड होय.

शाळा बंद करण्याचा प्रसंग मुलींवरच येतो, हे लिहिताना लेखणी जड होते. भावाने तेच केले तर "वयच तसे आहे" आणि बहिणीने केले तर दहावीची परीक्षा बाजूस ठेवून स्थळ पाहण्यास प्रारंभ! १८ वर्षांच्या आत मुलीचे लग्न लावून देणे हा २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे. ती एखाद्या मोठ्या पुरुषाच्या बोलावण्यावरून जात असेल, तर तिची संमती होती की नव्हती हे २०१२ चा पोक्सो कायदा पाहत नाही. अपराधी तो पुरुष ठरतो, ती नव्हे. तिला घरात कोंडल्याने तो मोकळाच राहतो. वर्गातील रिकामी जागा पाहून आम्ही घरी जातो तोपर्यंत कित्येकदा साखरपुडा होऊन गेलेला असतो.

हातात अनोळखी पैसा दिसणे, अंगावर वळ, तोंडाला दारूचा वास, वयाने मोठ्या माणसाची गुप्त मैत्री, यांपैकी काही आढळल्यास घरातल्या घरात मिटविण्याचा हट्ट धरू नये. १०९८ हा बालकांच्या साहाय्याचा दूरध्वनी क्रमांक आहे. आणि मुलगा वा मुलगी सकाळपर्यंत परतली नाही, तर चोवीस तास थांबावे लागते ही समजूत खोटी आहे. हरवलेल्या अल्पवयीन मुलाची तक्रार आल्याबरोबर पोलिसांनी गुन्हा नोंदवून तपास करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये बजावले आहे. अब्रूच्या भीतीने गमावलेले पहिले काही तासच फार महागात पडतात.

एवढे अनर्थ सांगितल्यावर साध्या उपायाकडे येतो, कारण बहुसंख्य घरांस तोच पुरेसा आहे. ज्या घरात रात्री बाहेर जाण्यास वर्षातून एकदाही परवानगी मिळत नाही, त्या घरातील मूल परवानगी मागण्याचे सोडून देते. कोजागरी आहे, गणपतीचे देखावे आहेत, नाताळात घरोघर गाणी म्हणत जाणारी मंडळी आहे. अशा रात्री मुलास जाऊ द्यावे. सोबती कोण, परत कधी, एवढे आधी ठरवावे, आणि ठरलेली वेळ त्याने पाळली तर पुढल्या खेपेस अर्धा तास वाढवून द्यावा. इतर दिवशी मित्रांस आपल्याच गच्चीवर बोलवावे. चहाचा व थोड्या गोंगाटाचा खर्च सोसावा लागेल.

विद्यार्थी हा लेख आईबापांच्या आधी वाचतील हे मी जाणतो. त्यांनी तो घरी अवश्य दाखवावा. आणि एक ठराव दोन्ही बाजूंनी मिळून करावा: कोठेही, कोणत्याही वेळी अडचण आली, सोबत्यांनी दारू घेतली, गाडी हाकणाऱ्याची भीती वाटली, तर मुलाने घरी दूरध्वनी करावा, वडिलांनी वा आईने उठून त्यास आणावयास जावे, आणि परतीच्या वाटेवर एकही प्रश्न विचारू नये.