स्वयंचलित दिवे : घरात आणि अंगणात



दिवेलागणीची वेळ झाली की घरातील कोणीतरी आठवणीने उठते आणि ओसरीवरचा दिवा लावते. हे काम आता यंत्राकडे सोपविता येते. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. विजेचे शास्त्र हा आमचा विषय नव्हे. तरीही स्वतःच्या घरी हा खटाटोप करताना जे शिकलो, ते आपणांपुढे ठेवीत आहोत.

दिव्याने आपोआप लागावे, ही कल्पना विजेच्या खटक्यांपुरती नाही. स्वीडनमधील गुस्ताफ डालेन या अभियंत्याने विसाव्या शतकाच्या आरंभी सागरी दीपांसाठी एक ‘सूर्यझडप’ बनविली. तीत एक काळा दांडा व त्याभोवती चकचकीत दांडे असत. उजाडले की काळा दांडा प्रकाश शोषून तापे, अधिक लांबे आणि वायूची वाट बंद करी. अंधारले की तो आखडे, वाट मोकळी होई आणि दीप पेटे. 1912 साली डालेन यांना पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. पण त्याच वर्षी एका स्फोटात त्यांची दृष्टी गेली होती. तरीही त्यांनी काम सोडले नाही. इतरांच्या वाटेवर उजेड पाडणाऱ्या या पुरुषाचे स्मरण ठेवूनच पुढे जाऊ.

आज बाजारात मुख्यतः तीन साधने मिळतात. पहिले घड्याळी खटक्याचे. ते ठरल्या वेळी दिवा लावते व मालविते. परंतु आपल्या बिदरला नोव्हेंबरअखेर सूर्य सुमारे पावणेसहाला मावळतो, तर जुलैच्या आरंभी सुमारे सातला. म्हणजे हिवाळ्यात सहाला लावलेले घड्याळ उन्हाळ्यात भर उजेडी दिवा पेटवील. दुसरे साधन प्रकाश ओळखणारे. ते सूर्यास्ताबरोबर आपणहून पुढेमागे सरकते. तिसरे हालचाल ओळखणारे. माणसाच्या अंगची उष्णता आजूबाजूच्या उष्णतेहून निराळी असते, हा भेद ते टिपते. म्हणूनच कलबुर्गीकडील वैशाखात, भिंती आणि हवा अंगाइतकीच तापलेली असता, त्याची नजर मंदावते. थंडीत उत्तम चालले म्हणून निश्चिंत राहू नये; उन्हाळ्यातही पारखून घ्यावे.

मग कोठे काय बसवावे? येथे दुकानात जाण्यापूर्वी कागद घ्यावा. घराचा व अंगणाचा साधा नकाशा काढावा आणि रात्री कोण, कोठून, कशासाठी जाते, त्या वाटा रेखाव्यात. पुष्कळ घरांत न्हाणी व शौचालय परसात असते. आजी मध्यरात्री उठते, तिला खटका सापडत नाही, ती अंधारातच पाऊल टाकते. पावसाळ्यात त्याच वाटेवर विंचू, घोणस वा मण्यार असू शकते. तेथे हालचाल ओळखणारा दिवा हवा, आणि त्याचा उजेड डोळ्यांवर न पडता पायांखाली पडावयास हवा. फाटकाशी प्रकाश ओळखणारा दिवा पुरे. अभ्यासाच्या खोलीत मात्र हालचालीवर चालणारा दिवा नको. निश्चल बसून वाचणाऱ्या विद्यार्थ्याला तो अंधारात ठेवील!

आमची फजितीही सांगतो. आम्ही प्रकाश ओळखणारे साधन दिव्याच्या अगदी समोरच बसविले. अंधार पडताच दिवा लागला. त्या उजेडाने साधनाला वाटले, उजाडले, आणि त्याने दिवा मालविला. पुन्हा अंधार, पुन्हा उजेड! रात्रभर हा खेळ चालला. दोष यंत्राचा नव्हता. साधन आकाशाकडे वळविताच तो थांबला.

आता थोडे गणित. 60 वॅटचा जुना दिवा बारा तास जळला तर 720 वॅट-तास, म्हणजे पाऊण युनिटाच्या आसपास वीज लागते. 9 वॅटचा एलईडी दिवा तेवढ्याच वेळात 108 वॅट-तास घेतो. तोच हालचालीवर ठेवला आणि रात्रीतून एकूण एकच तास जळला, तर अवघे 9! साधन स्वतः किंचित वीज घेते, ती निराळी. वीजदेयकात सवलत मिळत असली तरी वाया गेलेली वीज वायाच जाते. शिवाय रात्रभर जळणाऱ्या पांढऱ्या दिव्याभोवती किडे जमतात, आणि किड्यांमागे पाली व बेडूक. पिवळसर उजेडाकडे किडे त्या मानाने कमी येतात, हेही ध्यानी धरावे.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगतो. नकाशा आपण काढावा, तारांना हात लावू नये. 230 व्होल्टांचा प्रवाह ओल्या अंगणात क्षमा करीत नाही. जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी; बाहेरचा दिवा पावसाला तोंड देणारा असावा; अर्थिंग व ईएलसीबी असल्याची खात्री करावी. वीज गेली की ही साधनेही झोपतात, म्हणून विजेरी उशाशी असू द्यावी.

तात्पर्य, यंत्र आज्ञा पाळते. कोणाला उजेड हवा, हे ते जाणत नाही. ते जाणणे आपले काम.

स्वाध्याय : आपल्या घराचा नकाशा काढा. रात्री घरातील सर्वांत वृद्ध व्यक्ती ज्या वाटेने जाते, ती लाल पेन्सिलीने रेखा. पहिला दिवा तेथे लावा.