दोन दीनार आणि पुढील खर्च

शास्त्रपाठ : लूक १०:२५-३७, २ करिंथ ८:१-२१

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण बाळपणापासून ऐकत आलो आहो. त्याने जखमी मनुष्याच्या जखमा बांधल्या, त्यास आपल्या जनावरावर बसविले व उतारशाळेत नेले, हे लहान मुलासही ठाऊक असते. परंतु दुसऱ्या दिवसाची हकीकत आपण घाईने वाचून जातो. निघतेवेळी त्याने रक्षकाच्या हाती दोन दीनार ठेवले, आणि अधिक खर्च झाल्यास परत येताना तोही भरून देण्याचे कबूल केले. दयेचे काम एका दिवसात संपत नाही, हे त्यास समजले होते. ह्या पुढील खर्चाविषयी आज विचार करू.

पहिली गोष्ट : इमारत एकदा बांधली जाते, खर्च रोज होतो. डॉ. विल्यम वानलेस १८८९ साली हिंदुस्थानात आले व १८९४ साली मिरजेचे मिशन इस्पितळ उघडले. इमारतीसाठी फिलाडेल्फियाचे जॉन कॉन्व्हर्स ह्यांनी मोठी देणगी दिली. परंतु औषधे, पट्ट्या, दिवाबत्ती आणि परिचारिकांचे पगार ह्यांस ती देणगी कोठवर पुरणार? म्हणून ऐपतवानांकडून फी घ्यावी व तिच्या आधाराने गोरगरिबांची शुश्रूषा करावी, अशी तेथे रीत पडली.

आफ्रिकेतील अनुभवही असाच आहे. डॉ. आल्बर्ट श्वाइट्झर १९१३ साली गॅबन देशातील लांबारेने येथे गेले. तेथील इस्पितळ चालावे म्हणून ते युरोपात जाऊन ऑर्गन वाजवीत, व्याख्याने देत व पैसा जमवीत. त्यांस १९५२ सालचे नोबेल शांतता पारितोषिक मिळाले, तेव्हा ती रक्कमही त्यांनी कुष्ठरोग्यांच्या वसाहतीस लाविली. इतक्या नामांकित पुरुषासही पुढील खर्चाची चिंता सुटली नाही.

दुसरी गोष्ट : हा खर्च आपल्या दारीही आहे. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीत कुपोषणाने बालके दगावली, तेव्हा सर्व महाराष्ट्राचे लक्ष इकडे वळले. जव्हारास पतंगशाह कुटीर रुग्णालय आहे, मोखाड्यासही सरकारी रुग्णालय आहे. तरी दुखणे वाढले म्हणजे नाशिकची वाट धरावी लागते. अडलेल्या बाईस डोलीत घालून पाड्यावरून रस्त्यापर्यंत आणणे काय असते, हे आपणांस सांगावयास नको. औषध फुकट मिळाले तरी सोबत्याचे जेवण, परतीचे भाडे व बुडालेली मजुरी ही उरतातच. ह्याच ओझ्यामुळे कित्येकदा उपचार अर्धा टाकून माणूस घरी परततो. दोन दीनार मिळाले, पण पुढचे कोणी दिले नाही, अशी ती गत होय.

तिसरी गोष्ट : गरिबासही देता येते. "आम्हीच गरीब, आम्ही काय द्यावे?" असे आपण म्हणतो. मासेदोनियातील मंडळ्या अति दरिद्री होत्या, तरी यरुशलेमेतील गरजवंतांस त्यांनी आपण होऊन साहाय्य केले. मोठी इमारत श्रीमंत देऊ शकेल. पण सोबत्याची भाकर शेजाऱ्यानेच द्यावी लागते. सुगीनंतर, वीटभट्टीवर जाण्यापूर्वी, प्रत्येक घराने पायलीभर नाचणी किंवा वरी आजाऱ्यांकरिता निराळी काढून ठेविली, तर पावसाळ्यात कोणास सावकाराच्या दारी जावे लागणार नाही.

चौथी गोष्ट : हिशेब चोख असावा. पौलाने वर्गणी एकट्याने नेली नाही. कोणी दोष लावू नये म्हणून त्याने विश्वासू सोबती घेतले. आपणही धान्य व पैसा दोघांच्या हाती ठेवावा आणि दर महिन्यास सभेत हिशेब वाचून दाखवावा. मदत देताना आजारी मनुष्य कोणत्या जातीचा वा धर्माचा, हे विचारू नये. शोमरोन्यानेही विचारिले नव्हते.

मंडळीत विचारण्यासाठी प्रश्न :
१. शोमरोन्याने दुसऱ्या दिवशी काय केले? ते का आवश्यक होते?
२. गेल्या पावसाळ्यात आपल्या पाड्यातून कोणास इस्पितळात न्यावे लागले? त्याच्या सोबत्याचा खर्च कोणी दिला?
३. येत्या सुगीत आपले घर काय निराळे काढून ठेवील?